एकशे बारा नंबरचा मुकुट

मामा माझ्याशी खोटं बोलले ते त्या गुरुवारी पहिल्यांदाच, आणि त्यांना ते अजिबात जमलं नाही.

"दुसरी नोंदवही? ती बांधायला दिलीय," असं म्हणून त्यांनी चष्मा पुसायला रुमाल काढला आणि कपाळ पुसलं.

आमच्या वह्या बांधणारा हात मोडून महिनाभर घरी बसला होता, हे मला मामांनीच सांगितलं होतं. पण समोर संग्रहालयाचे साहेब बसले होते, आणि साहेबांच्या शेजारी जुन्या हत्यारांचे तज्ज्ञ, हातात सुती मोजे घालून आणि तोंडात खोकल्याची गोळी चघळत.

मामा म्हणजे माझ्या सासूबाईंचे धाकटे भाऊ. आमच्या दोन मजली संग्रहालयाचे सदतीस वर्षांचे भांडारपाल. महिनाअखेरीला ते निवृत्त होणार होते आणि त्यांचा चार्ज मी घेणार होते. चौदा वर्षांपूर्वी लेबलं टाइप करायला म्हणून मी इथे लागले, तेही मामांनी अर्ज आणून दिला म्हणून. शिक्षण बारावी, त्यातही एका विषयात दोनदा अडखळलेली. बाकी जे काही शिकले ते इथल्याच कपाटातली पुस्तकं घरी नेऊन, शेजारी शब्दकोश आणि गॅसवर दूध ठेवून. दूध पुष्कळदा उतू गेलं. लोक आमच्या संग्रहालयाला 'मामा आणि सूनबाईंचं दुकान' म्हणत, आणि आम्हालाही त्याचं काही वाटत नसे.

चार्ज द्यायची पद्धत साधी. मामा कपाटातून वस्तू काढणार, नंबर उच्चारणार, मी ती नोंदवहीतल्या वर्णनाशी ताडून बघणार आणि सही करणार. सही केली की ती वस्तू माझी जबाबदारी. पहिली वही चार दिवसांत संपली. नंबर एक ते एकशे अकरा, एकाही वस्तूला खोट नाही. दुसरी वही एकशे बारापासून सुरू होते. एकशे बारा म्हणजे पिस्तूल. हत्यारांची तपासणी बाहेरच्या माणसाकडून करून घ्यायची असा नियम, म्हणून तज्ज्ञ आलेले.

त्यांनी ते तळहाताएवढं पिस्तूल उजेडात धरलं, उलटंसुलटं केलं, आणि लहान पोराला खाऊ मिळाल्यासारखे हसले.

"हे तुम्ही काय म्हणून ठेवलंय?"

"युरोपातल्या कारखान्यातलं, खिशात ठेवायचं पिस्तूल," मी म्हटलं. तसं लेबल मीच टाइप केलं होतं.

"छे हो! हे चिनी. शंभर एक वर्षांपूर्वीचं. तिकडे तेव्हा गल्लोगल्ली लोहार बसून परदेशी पिस्तुलांच्या नकला करायचे. हातानं, कानस घेऊन. हा स्क्रू बघा, फिरवा बरं."

मी बारीक स्क्रूड्रायव्हर लावला. स्क्रू ढिम्म.

"फिरणारच नाही. तो स्क्रू नाहीच. नुसता गोल कोरून त्यावर खोबण पाडलीय. समोर जे नमुन्याचं पिस्तूल होतं त्यात तिथे स्क्रू दिसत होता, म्हणून यानंही दाखवला. धड एका पिस्तुलाचं, मूठ दुसऱ्याचीच. ही अक्षरं बघा, कुठल्याच भाषेतली नाहीत. आणि हा इथला मुकुट." त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. "कारखान्यात पिस्तूल तपासलं की मुकुटाचा शिक्का मारायचे. यानं तो उलटा कोरलाय. मुकुट म्हणजे काय हेच बिचाऱ्याला ठाऊक नसणार. असं दुसरं मी पाहिलेलं नाही. कुठल्या गावचं, कुणाच्या हातचं, ते आता देवालाच विचारावं लागेल. तुमच्या नोंदवहीत काय आहे याबद्दल?"

तेव्हाच मामांनी वही बांधायला दिल्याचं सांगितलं.

साहेबांनी मला मामांच्या कपाटातून पहिली वही तरी आणायला सांगितलं. मी गेले. खालच्या कप्प्यात, डांबरगोळ्यांच्या डब्यांमागे, मामांचा पंचा घडी करून ठेवलेला दिसला. पंच्याची घडी इतकी चौकोनी कधी नसते. मी तो बाजूला केला आणि खालची हिरव्या कापडाची वही बघून तिथेच थांबले. परत झाकावी असं एक क्षणभर वाटलं, खरं सांगते. पण मागे चपलांचा आवाज आला. साहेब दारात उभे होते.

"बांधून झालेली दिसतेय," साहेब म्हणाले.

पहिल्याच पानावर एकशे बारा. मामांचं तरुणपणीचं गोल, काळजीपूर्वक अक्षर. 'खिशात ठेवण्याचे पिस्तूल. युरोपीय बनावट. डाव्या बाजूची अक्षरे अस्पष्ट. उजव्या बाजूस मुकुटाचा ठसा. देणाऱ्याचे नाव ठाऊक नाही. दाराशी ठेवलेल्या पेटीत मिळाले.' आणि खाली छाप. आमच्याकडे जुन्यापासूनची ती पद्धतच आहे: धातूच्या वस्तूवर जे काही कोरलेलं असेल त्यावर पातळ कागद धरायचा, वरून पेन्सिल आडवी घासायची, उमटलेली छाप नोंदीखाली चिकटवायची. फोटोत फसवाफसवी होते, छापेत होत नाही, असं मामाच मला शिकवत आले.

छापेत मुकुट सुलटा होता.

तज्ज्ञांनी पिस्तूल वहीशेजारी ठेवलं. वहीत मुकुट सरळ, पिस्तुलावर डोक्यावर उभा.  तज्ज्ञांच्या तोंडातली गोळी दातांवर वाजली.

"म्हणजे सदतीस वर्षांपूर्वी इथे अस्सल होतं," साहेब सावकाश म्हणाले. "आणि आता ही नक्कल आहे. कपाटाच्या किल्ल्या दोन. एक माझ्याकडे. मी येऊन तीन वर्षं झाली."

दुसरी किल्ली मामांच्या कमरेला होती. सगळ्यांनी तिकडे बघितलं. मीही बघितलं.

"पिस्तूल तेच आहे," मामा म्हणाले.

"मग ही छाप?"

मामांनी चष्मा काढून रुमालानं पुसायला घेतला.

"वही लपवली कशाला?"

मामा चष्माच पुसत राहिले. साहेबांनी हात पुढे केला. मामांनी किल्ल्यांचा जुडगा सोडवायला फार वेळ लावला. सोमवारपर्यंत समाधानकारक खुलासा आला नाही तर पोलिसांत तक्रार जाईल, असं साहेबांनी अगदी मऊ आवाजात सांगितलं. पिस्तूल त्यांनी आपल्या कपाटात ठेवलं. वही मात्र माझ्याकडे राहिली, कारण चार्ज मी घेणार होते. निघताना साहेब मला म्हणाले, "बाई, तुम्ही त्यांच्या नात्यातल्या आहात, हे मी विसरलेलो नाही."

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मी वही खिडकीशी घेतली. मला मामांना सोडवायचं होतं असं म्हणणं सोपं आहे. खरी गोष्ट अशी की मला आधी स्वतःची खात्री करून घ्यायची होती. लपवलेल्या वहीपुढे नातंबितं जरा फिकंच पडतं.

भिंगातून बघितलं तर संशय वाढलाच. एकशे बाराच्या छापेच्या मधोमध, मुकुटाभोवती, नखाएवढा चौकोन होता. कात्रीनं कापलेला. बाकी पट्टी एक कागद आणि हा चौकोन वेगळा, मध्ये बसवलेला. शिवाय त्या चौकोनाच्या कडांना कसर लागलेली. त्याच वहीत पुढे ऐंशी छापा होत्या; एकीलाही कसर नाही, कारण त्या ऑफिसच्या गोंदानं चिकटवलेल्या. कसरीला गोंद आवडत नाही, मैद्याची खळ आवडते. म्हणजे हा तुकडा कुणीतरी ऑफिसबाहेर, घरच्या खळीनं चिकटवला होता.

चोरून केलेलं काम ते चोरून केलेलं काम. मी वही मिटली. हात साडीला पुसले.

घरी सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या. बातमी त्यांच्याआधी कुणाला कळत नाही. मामांनी फोन केला होता.

"आलीस? चोर पकडून आलीस म्हणे."

"आई, मी काहीच केलं नाही."

"तेच तर. तू काहीच केलं नाहीस. तो बिचारा तिथे उभा, आणि तू भिंग घेऊन बसलीस."

"त्यांनी वही का लपवली, ते सांगा मग."

"मला काय माहीत? मला तो कधी काही सांगतो?" त्यांनी एक शेंग इतक्या जोरानं फोडली की दाणे माझ्या पदरात आले. "लहानपणी शाळेची पाटी फुटली तर चार दिवस दप्तरात तुकडे घेऊन फिरला होता. सांगितलं नाही. असला आहे तो. पण चोर? अगं, त्याच्या हातून चोरी व्हायची तर आधी त्याला अर्ज लिहावा लागेल!"

माझे यजमान पेपरमागून हसले, आणि दोघींनी एकदमच त्यांच्याकडे बघितल्यावर पेपर वर उचलला.

मी मटार घेतले आणि सोलायला लागले. थोड्या वेळानं, सहज विचारावं तसं विचारलं, "आई, मामा नोकरीला लागले तेव्हा आपल्याकडेच राहायचे ना?"

"या मागच्या खोलीत. दीड वर्ष. का?"

"तेव्हा कधी घरी ऑफिसचं काही काम आणलं होतं?"

"नोकरी लागल्यावर तिसऱ्या आठवड्यात तोंड पाडून आला. जेवला नाही. तेव्हाचे मोठे साहेब म्हणजे जमदग्नी. सगळ्यांपुढे झापलं म्हणे. काय तर म्हणे काहीतरी उलटं काढलं, सकाळपर्यंत नीट करून आण. माझी शिवणाची कात्री मागितली, आणि वाटीभर खळ करून दे म्हणाला. इतकीशी कात्री, ब्लाउजचे काज कापायची, ती कागदाला लावली मेल्यानं. बोथट झाली ती झालीच." त्या थांबल्या. "अशी काय बघतेस माझ्याकडे? कात्रीला सदतीस वर्षं झाली. आता भरून मागणार आहेस का त्याच्याकडून?"

शनिवारी सकाळी मी साहेबांकडे गेले आणि पिस्तुलाची नवी छाप घ्यायची परवानगी मागितली. "माझ्यासमोर घ्या," ते म्हणाले. त्यांच्या टेबलावर, त्यांच्या नजरेखाली मी पातळ कागद धरला आणि पेन्सिल घासली. वर नक्षीची रेघ उमटली, खाली नक्षीची रेघ, मध्ये उलटा मुकुट. आणि एक ओरखडा. त्या लोहाराची कानस कधीतरी घसरली असणार; डावीकडून तिरकी निघून मुकुटाच्या अंगावरून उजवीकडे गेलेली, बारीक, सरळ, एकच रेघ.

माझ्या जागेवर येऊन मी जुनी छाप उघडली. ओरखडा तिथेही होता. डावीकडून आला, कापलेल्या चौकोनाच्या कडेशी तुटला, आत तांदळाच्या दाण्याएवढा सरकून पुन्हा सुरू झाला, आणि बाहेर पडताना परत आपल्या जागेवर. मी त्या चौकोनाची नक्कल पातळ कागदावर काढली, कापली आणि उलटी फिरवून ठेवली. ओरखडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग झाला. मुकुट डोक्यावर उभा राहिला.

सदतीस वर्षांपूर्वी कपाटात हेच पिस्तूल होतं. याच ओरखड्यासकट. ते कुणी बदललं नव्हतं. फिरवला होता फक्त कागद.

मी तडक साहेबांकडे जाऊ शकले असते. पण ते काय म्हणाले असते ते मला ठाऊक होतं: नात्यातली बाई, हातात कात्री, आणि सोयीची गोष्ट. शिवाय आमच्या वहीचा एक नियम आहे. नोंद चुकली तर खोडायची नाही, वर पांढरं लावायचं नाही. खाली लाल शाईनं खरं काय ते लिहायचं, तारीख घालायची, आणि ज्याची चूक त्यानंच सही करायची.

मामा दुकानावरच्या दोन खोल्यांत एकटे राहतात. दार उघडलं तेव्हा त्यांच्या अंगात इस्त्रीचा शर्ट होता, कुठे जायचं नसताना.

"तुझ्या सासूनं पाठवलं?"

"नाही. कात्रीनं."

मामा बाजूला झाले. मग खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलून मला जागा करून दिली आणि स्वतः पलंगाच्या कडेवर टेकले. मी वही उघडली, कापलेला तुकडा वर ठेवला आणि फिरवला. त्यांनी वाकून बघितलंही नाही.

"माझी छाप बरोबर होती गं," ते म्हणाले. "मी जसं होतं तसंच घेतलं होतं. मोठे साहेब म्हणाले, मुकुट उलटा कसा असेल, कागद उलटा धरलास, अक्कल कुठे ठेवून आलास? मला वाटलं, तेच बरोबर असणार. एवढा मोठा माणूस. कपाटाची किल्ली तेव्हा त्यांच्याकडे. पुन्हा बघायला मिळालं नाही. बाकी नक्षी सुलटीच होती, म्हणून रात्री तेवढा मुकुट कापला आणि फिरवला. सकाळी त्यांनी सही केली."

"आणि नंतर?"

"महिन्यानं किल्ली माझ्या हातात आली. पहिल्यांदा काय बघितलं असेल?" ते हसले, पण ते हसू पुरतं उमटलं नाही. "तेव्हापासून ठाऊक आहे मला, ते पिस्तूल काहीतरी वेगळंच आहे. तो स्क्रू फिरत नाही हे तुझ्या त्या तज्ज्ञाच्या आधी मला माहीत होतं. पण सांगायचं कसं? सांगितलं की छापेचं निघालं असतं."

"म्हणून वही पंच्यात?"

"चार्ज होईपर्यंत. मग तू बघितलं असतंस एखाद्या दिवशी, मी नसताना."

"मामा, ते तुम्हाला चोर म्हणताहेत. सोमवारी पोलीस येतील."

"येऊ देत. चोरी केलेली नाही, काही सापडणार नाही. पण खोटी छाप लावलीय, हे खरं आहे. सदतीस वर्षं सगळ्यांना सांगतोय, नोंद म्हणजे नोंद. ते लाल शाईनं लिहू? माझ्या हातानं?"

मला आधी त्यांची कणव आली, आणि मग चांगलाच राग आला.

"माझ्या एका लेबलावर पांढरी शाई दिसली म्हणून तुम्ही मला चाळीस लेबलं पुन्हा टाइप करायला लावलीत. चाळीस! घरी पोराला ताप होता. तुम्ही म्हणालात, चूक झाकली की ती दुप्पट होते. मी रडत रडत टाइप केली. आणि तुमच्या पहिल्याच पानावर हे ठिगळ?"

मामांनी मान खाली घातली. खालच्या दुकानात कुणीतरी शटर ओढलं.

"एकोणचाळीस," ते म्हणाले.

"काय?"

"एकोणचाळीस लेबलं होती. चाळिसावं मी टाइप केलं होतं. तू डबा खायला गेली होतीस तेव्हा."

 मी चहा टाकला. साखर कुठे असते तेही त्यांना विचारावं लागलं नाही.

सोमवारी तज्ज्ञ पुन्हा आले. साहेबांसमोर घेतलेली छाप आणि जुनी छाप त्यांनी शेजारी शेजारी ठेवून भिंगानं पाऊण तास बघितली. ओरखडा, नक्षीतली एक तुटकी पाकळी, एक खड्डा. "तेच आहे," ते शेवटी म्हणाले. "शंकाच नको." मग मामांकडे वळले. "तुम्हाला इतकी वर्षं दिसत होतं, आणि कुणालाच बोलला नाहीत? अहो, मी अशा एका तुकड्यासाठी तीन गावं पालथी घालतो!"

साहेबांनी खुलासा ऐकला. मामांनी तो उभं राहूनच सांगितला, कात्री आणि खळीसकट. साहेबांच्या तोंडावरचा संशय लगेच गेला असं मी म्हणणार नाही. तो कडेकडेनं गेला. पण त्यांनी स्वतः लाल शाईची बाटली पुढे केली.

मामा लिहायला बसले. 'वरील छापेतील मुकुटाचा तुकडा मी उलटा फिरवून चिकटविला होता. वस्तूवर मुकुट उलटाच आहे. बनावट युरोपीय नसून चिनी, हातकामाची, कारागीर अज्ञात.' पुढे तारीख.  मग त्यांनी सही केली, नेहमीची फराटा मारलेली नाही. तरुणपणीची, गोल, सगळी अक्षरं सुटी.

पिस्तूल घडवणाऱ्याला मुकुट काय असतो ते माहीत नव्हतं, म्हणून त्यानं तो उलटा कोरला. मोठ्या साहेबांना माहीत होतं, म्हणून त्यांनी तो मामांकडून सुलटा करून घेतला. त्या लोहाराला निदान कुणी झापलं नसेल, असं माझ्या मनात आलं.

मामांनी पिस्तूल दोन्ही हातांनी उचलून माझ्यापुढे धरलं. "एकशे बारा."

मी ताडून बघितलं. स्क्रू फिरत नाही. अक्षरं कुठल्याच भाषेत नाहीत. मुकुट उलटा. वर्णनाप्रमाणे. मी सही केली.

महिनाअखेरपर्यंत सगळ्या वस्तू झाल्या. शेवटच्या दिवशी हारतुरे नकोत म्हणून मामा लवकरच निघाले. दारापर्यंत गेले, चपला घातल्या, आणि मागे वळून, सहज आठवल्यासारखं म्हणाले, "एकशे सत्तेचाळीस जरा नीट बघून ठेव."

"का? काय आहे तिथे?"

"काही नाही. नुसतं बघून ठेव."

आणि गेले.

एकशे सत्तेचाळीस म्हणजे पितळी कुलूप. मी छाप भिंगाखाली घेतली. कापलेलं नाही. कसर नाही. ऑफिसचाच गोंद. कुलपाची नवी छाप घेतली, जुनीवर ठेवली. केसाचाही फरक नाही. दुसऱ्या दिवशी कडा उजेडात धरून बघितल्या. तिसऱ्या दिवशी शाई, अक्षर, तारीख. घरी ताटावर बसले तरी डोळ्यांपुढे ते कुलूप.

चौथ्या दिवशी सासूबाईंनी आमटी वाढता वाढता विचारलं, "ते कुलपाचं काय गं? तो फोनवर विचारत होता, सूनबाईंना काही सापडलं का म्हणून. आणि मेला हसत होता नुसता."

मी फोन घेतला आणि मामांचा नंबर लावला. पलीकडे उचलला गेला. नुसता श्वास, हसू दाबून धरलेल्या माणसाचा.

"सापडलं," मी म्हटलं.

हसू एकदम बंद झालं. "काय सापडलं?"

"काही नाही," मी म्हटलं. "तुम्ही उद्या येऊन नुसतं बघून जा."

दुसऱ्या दिवशी संग्रहालय उघडायच्या आधी पंधरा मिनिटं ते दारात उभे होते, हातात स्वतःचं भिंग घेऊन.